मुकादमांचा कागद

मुकादमांनी तो कागद पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर ठेवला, तेव्हा मुलाने त्यावर पाण्याचा जग ठेवला. मुद्दाम नाही. जागा रिकामी दिसली, जग ठेवला. बुडाचा ओला गोल कागदावर उमटला आणि एका ओळीची शाई फुटली.

दुसऱ्यांदा त्यांनी कागद थेट मुलीच्या हातात दिला. ती बालवाडीत शिकवते, दोन गल्ल्या सोडून राहते आणि दर रविवारी माहेरी येते. तिने वरची ओळ वाचली, "बाबा, चांगले बसलोय सगळे, मध्येच हे काय काढलंत?" म्हणाली आणि कागदाची चौघडी करून कुठेतरी ठेवून दिली. कुठे, ते संध्याकाळी तिलाही आठवेना.

मुकादमांनी कपाळाला हात लावला. एक पान वाचायला किती मेहनत लागते? त्यांनी ते लिहायला चार दिवस घेतले होते. दोन वेळा कच्चं, एकदा पक्कं.

मुकादम हे काही त्यांचं नाव नव्हे. पण टोळी सुटून अकरा वर्षं झाली तरी समोरचा शिंपी, कोपऱ्यावरचा वाणी, दवाखान्यातला कंपाउंडर, सगळे त्यांना मुकादमच म्हणत. त्यांची टोळी अवजड यंत्रं हलवायची. कारखान्यात नवं यंत्र आलं की ते ट्रकवरून उतरवायचं, दारातून आत घ्यायचं आणि सिमेंटच्या पायावर नेमकं बसवायचं. पहारी, जॅक, लोखंडी पाइप, वजन उचलायची चेनकुप्पी आणि सात माणसं. क्रेन फार नंतर आली. एकोणिसाव्या वर्षी मुकादम टोळीत लागले ते पाइप उचलायला. यंत्र पाइपांवरून पुढे सरकतं, मागचा पाइप मोकळा होतो, तो उचलून पुढे आणून टाकायचा. दिवसभर एवढंच. सहा वर्षं पाइप उचलल्यावर त्यांच्या हातात पहार आली, आणि आणखी आठ वर्षांनी इशारा.

टोळीत एक नियम होता. वजन हवेत असताना इशारा एकाचाच. बाकीच्यांनी तोंड मिटून त्याच्या हाताकडे बघायचं. एकदा कंपनीचा साहेब मध्येच बोलला, "अजून जरा डावीकडे घ्या." क्रेनवाल्याने साहेबाचं ऐकलं, आणि मुकादमांच्या डाव्या हाताची करंगळी यंत्राखाली राहिली. साहेबाने नंतर फळं पाठवली होती. मुकादमांनी ती परत पाठवली.

आता हा कागद कशासाठी, ते सांगायला हवं.

टोळीत लंबू म्हणून एक जोडीदार होता. गेल्या वर्षी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. हॉस्पिटलात नेलं, श्वासाचं यंत्र लावलं. लंबूला तीन मुलं. एक म्हणाला, काय वाटेल ते करा. दुसरा म्हणाला, हाल करू नका. तिसरा परगावाहून फोनवर म्हणाला, मी येईपर्यंत कशाला हात लावू नका, आणि तो आला सहा दिवसांनी. लंबू एकोणीस दिवस तसाच पडून होता. मुकादम रोज जाऊन बाहेरच्या बाकावर बसत आणि आतली भांडणं ऐकत. लंबूला स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुकादमांनाही नव्हतं. बत्तीस वर्षं दोघांनी एका वजनाखाली खांदा दिला, जगातलं सगळं बोलले, हे सोडून. मुलांपेक्षा त्यांना राग आला तो स्वतःचाच.

त्यात या सहा महिन्यांत त्यांच्या स्वतःच्या पायांवर सूज येऊ लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "हृदय दमलंय. औषधाने चालेल. किती, ते मी सांगू शकत नाही."

"बंद पडलं तर?"

"तर काय करायचं आणि काय नाही, हे आत्ता लिहून ठेवा. शुद्ध आहे तोवर." त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढून दिला. "इथे एक नाव लिहा. तुम्हाला बोलता आलं नाही तर तुमच्या वतीने बोलणारा माणूस. एकच."

"मुलाचं टाकतो."

"त्याला न विचारता टाकू नका. आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. ऐनवेळी एकाने जरी दारात रडत 'सगळं करा' म्हटलं ना, तर असले कागद पिशवीतून बाहेर येत नाहीत."

सांगा म्हणे. मुकादमांनी काय कमी सांगून पाहिलं?

मुलगा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात. शांत, कष्टाळू, बापाचा शब्द खाली पडू न देणारा. पण हा विषय काढला की त्याला नळ बघायचा असे, नाहीतर गॅस.

"बाबा, तुम्ही शंभर वर्षं जगणार आहात."

"कुणी सांगितलं?"

"असंच म्हणतोय."

"असंच कसं? आकडा कुठून आणलास?"

"बाबा, प्लीज. ऑफिसला उशीर होतोय."

मुलगी पळायची नाही, पण धरूही द्यायची नाही.

"मी आहे ना. वेळ आली की मी बघेन."

"काय बघशील?"

"जे योग्य असेल ते."

"योग्य काय, तेच तर लिहायचंय."

"तुम्हाला उकडतंय का? पंखा वाढवू?"

पंधरा टनांचा प्रेस तिरक्या दारातून आत घेताना मुकादमांना जेवढा घाम फुटला नव्हता, तेवढा या दोघांनी फोडला. मग त्यांनी ठरवलं, तोंडाने विचारणं बस झालं. टोळीत ते कुणाला विचारून घेत नसत. वजनाला लावत आणि बघत.

संधीही होती. त्यांची कॉट आतल्या खोलीत होती, आणि त्या खोलीला एक उंच पायरी. डॉक्टरबाईंनी पायरी टाळा म्हणून बजावलं होतं. तेव्हा कॉट बाहेर यायची आणि बाहेरचं लोखंडी कपाट आत जायचं, असं ठरलं होतं. रविवारी मुलगी आली, सून ड्युटीवरून परतली, आणि मुकादम म्हणाले, "चला, आज कपाट हलवा. मी बोलणार नाही."

ते खुर्ची घेऊन भिंतीपाशी बसले. मनात हिशेब असा की जो हे कपाट नीट आत नेईल, त्याचं नाव कागदावर.

आता खरं तर तिथेच त्यांची चूक झाली. कपाट गच्च भरलेलं होतं. भरलेलं कपाट हलवायला निघालेल्या माणसाला त्यांनी टोळीत दुसऱ्या दिवशी उभं केलं नसतं. पण परीक्षा घ्यायची हौस. कोण आधी रिकामं करा म्हणतंय, हे त्यांना बघायचं होतं. कुणीच म्हणालं नाही. मुलाने बाह्या वर केल्या आणि जड बाजू धरली. दुसरी बाजू सुनेने धरली. मुलगी दारात उभी राहून सांगू लागली.

"डावीकडे. नाही, माझ्या डावीकडे. अरे, पाय बघ. पायरी आहे. वर, वर. आता फिरव."

"कुठल्या बाजूला फिरवू, ताई?"

"तिकडे रे."

मुकादमांनी दातांवर दात दाबले. कपाटाचा कोपरा चौकटीला घासला, रंगाची साल निघाली. त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला.

"मागे घे," ते म्हणाले.

"नाही, पुढे," मुलगी म्हणाली.

"मागे घे म्हणतो ना."

"बाबा, तुम्ही बोलणार नव्हतात."

मुलाने एक कान इकडे दिला, एक तिकडे, आणि कपाट चौकटीत तिरकं अडकलं. निम्मं पायरीवर, निम्मं अधांतरी. सगळं वजन मुलाच्या हातांवर आलं. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या.

"खाली ठेवायचं का?" सुनेने विचारलं.

"नको. होईल."

"हात थरथरतायत."

"होईल म्हटलं ना. होईल."

सून बस डेपोत ड्युट्या लावते. रोज पहाटे चाळीस ड्रायव्हर खिडकीशी येऊन चाळीस कारणं सांगतात, आणि ती कुणाला गाडी देते, कुणाला घरी पाठवते. नऊ वर्षं ती या घरात होती, आणि घरात तिचा आवाज कधी चढला नव्हता. आताही चढला नाही.

"बाबा," ती म्हणाली, "सांगायचं तर तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. दोघं नको. ताई, तुम्ही दारातून बाजूला व्हा."

मुकादमांचा हात खाली आला. नियम त्यांचा, आणि तो त्यांनाच ऐकवला जात होता. राग यायला हवा होता. आलाही.

"सांग," ते म्हणाले.

ती नवऱ्याकडे वळली. एरवी सासऱ्यांसमोर ती त्याला अहो-जाहो करायची. "तू ठेव खाली."

"अगं, थोडंच राहिलंय."

"ठेव. हळू. माझ्याबरोबर."

कपाट पायरीवर टेकलं. मुलगा भिंतीला टेकून बसला आणि तळवे बघू लागला. तळव्यांवर पत्र्याची कड उमटली होती.

"आधी रिकामं का नाही केलं?" सुनेने विचारलं, आणि ते बरोबर मुकादमांकडे बघून विचारलं. तिने कपाट उघडलं आणि एकेक खण रिकामा करायला सुरुवात केली. चादरी, जुने चष्मे, विजेची बिलं. बिलांखाली चौघडी केलेला कागद निघाला. तिने तो उलगडला आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला.

"हे काय आहे, बाबा?"

"दिसत नाही का?"

"दिसतंय. पण हे अपुरं आहे."

इतक्या दिवसांत त्या कागदाला घरातल्यांनी अभद्र म्हटलं होतं, अवेळी म्हटलं होतं. अपुरा कुणी म्हटलं नव्हतं. मुकादम खुर्चीत सरळ झाले.

"अपुरं कसं? 'यंत्रावर ठेवू नये.' यात काय राहिलं?"

"कुठल्या यंत्रावर? समजा छातीत कफ साठला, आणि डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस यंत्र लावलं तर माणूस उठून घरी जाईल. तरी नको?"

"तसं असेल तर... ते वेगळं."

"मग ते कुठे लिहिलंय? आणि किती दिवस? आणि तोंडाने जेवण जाईना तर नाकातून नळी घालायची का? हृदय बंद पडलं तर छाती दाबायची का? शेवटी घरी आणायचं की तिथेच? असा अर्ज आमच्या ड्रायव्हरने दिला तर मी परत पाठवते."

"चार दिवस घालवलेत मी त्यावर."

"अक्षर छान आहे," ती म्हणाली.

ही बाई नऊ वर्षं त्यांना चहा देत होती आणि डेपोतल्या गमती सांगत होती. तिला विचारावं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. सून म्हणजे मुलाची बायको, आणि मुलाला तर विचारलंच होतं, असा त्यांचा सरळ कारभार.

"या जागेवर तुझं नाव लिहू का?" त्यांनी रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं.

"आधी सगळं सांगा. मग मी सांगते, मला जमेल का."

कपाटातल्या चादरी खुर्च्यांवर, चष्मे टेबलावर, आणि त्या पसाऱ्यात दोघं लिहायला बसले. ती विचारायची, ते सांगायचे, आणि निम्म्या वेळा तिला पटायचं नाही. नळीने जेवण नको. "कधीच नको?" गिळता येईल असं डॉक्टर म्हणाले तर तेवढ्यापुरतं चालेल. छाती दाबायची नाही. "नक्की?" नक्की, लंबूच्या फासळ्या मोडल्या होत्या. दुखत असेल तर औषध भरपूर द्यायचं, मग झोप लागली तरी चालेल. "भरपूर म्हणजे?" अगं, भरपूर म्हणजे भरपूर. तिने लिहिलं: दुखणं थांबेल इतकं. घरी. शक्य असेल तर याच खोलीत, खिडकीकडे डोकं करून. "नसेल शक्य तर?" नसेल तर नसेल, त्यावरून कुणी भांडायचं नाही. तिने तेही लिहिलं.

"तू काय माझी उलटतपासणी घेतेस?"

"तिथे मला कुणी विचारलं तर मी काय सांगू? बाबा वैतागले म्हणून पुढचं विचारलं नाही?"

मुलगी सोफ्यावर बसून ओढणीने डोळे पुसत होती. मध्येच म्हणाली, "किती कोरडेपणाने बोलताय तुम्ही दोघं."

"ओलं करून काय होणार आहे?" मुकादम म्हणाले. "एकदा ओला झालाच होता हा. जग ठेवून."

"यंत्राचे दिवस किती लिहू?" सुनेने विचारलं.

"तीन."

तिने लिहिलं. तीन दिवस लावून बघावं. डॉक्टरांच्या मते सुधारणा नसेल तर काढावं. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "जमेल मला. पण एका अटीवर. यांनी हे आत्ता वाचायचं. नंतर नाही."

मुलगा गॅलरीत जाऊन उभा होता. बोलावल्यावर आला, पण कागदाला हात लावला नाही. नावाची जागा त्याने उभ्यानेच बघितली.

"माझं नाव का नाही?"

मुकादमांना गोड बोलायची सवय नव्हती. "तुला खाली ठेवता येत नाही," ते म्हणाले.

सुनेने सासऱ्यांकडे असं बघितलं की डेपोतले ड्रायव्हर का गप्प बसतात, ते मुकादमांना कळलं.

"कपाटाचं सांगताय?" मुलगा म्हणाला.

"सगळ्याचंच. तू सोडणारा नाहीस. चांगला गुण आहे. मी तुला कुठल्याही टोळीत घेतलं असतं. पण तिथे तू म्हणशील, होईल, होईल. आणि मी मध्येच अडकून."

"तुम्ही आम्हाला सोडून जायचं ठरवून बसलात, आणि मी होईल म्हणायचंही नाही?"

"मी काही ठरवलेलं नाही रे. माझ्या ठरवण्याने होत असतं तर पाय सुजले असते का?" मुकादमांचा आवाज चढला आणि पुढच्याच वाक्याला उतरला. "तुझ्यावर राहिलं असतं ते सगळं. जन्मभर विचार करत बसला असतास, बरोबर केलं का चूक. म्हणून लिहितोय. वाच."

त्याने खुर्चीवरच्या चादरी बाजूला केल्या, बसला आणि वाचलं. हळू वाचलं. मुकादमांना वाटलं, बरं झालं सुनेचंही अक्षर छान आहे. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"तीन दिवस?"

"पुरे झाले."

"सात करा."

"सात कशाला? डॉक्टरांना तीन दिवसांत कळतं."

"डॉक्टरांना कळेल. मला सात लागतील."

दिवस मुकादमांचे, छाती त्यांची, नळी त्यांच्या घशात. आणि या पठ्ठ्याला त्यात वाटा हवा होता. संताप यावा अशीच गोष्ट होती. पण सहा महिन्यांत या विषयावर मुलगा पहिल्यांदा काहीतरी मागत होता. नळ नाही, गॅस नाही.

"चार," ते म्हणाले.

"सहा."

"भाजी घेताय का?" मुलगी रडता रडता म्हणाली, आणि स्वतःच हसली.

"पाच. आणि पाच म्हणजे पाच. सहाव्या दिवशी सकाळी तू म्हणालास, अजून एक, तर?"

"तर ही आहेच," मुलगा बायकोकडे न बघता म्हणाला.

सुनेने तीन खोडून पाच लिहिलं. खाडाखोडीशेजारी सासऱ्यांची सही घेतली आणि पेन नवऱ्यापुढे केलं.

"मी कशाला? साक्षीदार बाहेरचे लागतात ना?"

"साक्षीदार म्हणून नाही. वाचलंस म्हणून."

त्याने सही केली. मग मुलीने केली, न वाचता, म्हणून सुनेने तिला परत बसवून वाचायला लावलं. त्याला अर्धा तास गेला, कारण ती प्रत्येक ओळीला थांबत होती.

सोमवारी सगळे दवाखान्यात गेले. चौघं एका रिक्षात. साक्षीदार म्हणून समोरचा शिंपी आला होता. त्याने तीनदा विचारलं की यात घराबिराचं काही नाही ना, आणि तीनदा नाही म्हटल्यावरही चष्मा घरी राहिला म्हणून कंपाउंडरकडून वाचून घेतलं. दुसरा साक्षीदार कंपाउंडरच. मुकादम घड्याळाकडे बघत होते.

डॉक्टरबाईंनी कागद वरपासून खालपर्यंत तपासला. खाडाखोडीपाशी थांबल्या.

"हे तीनाचे पाच का झाले?"

मुकादमांनी मुलाकडे हात केला. "त्याला विचारा."

मुलाने घसा साफ केला. बहिणीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. दोघीही बोलल्या नाहीत.

"श्वासाचं यंत्र लावायची वेळ आली," तो म्हणाला, "तर पाच दिवस बघायचं. सुधारणा नसेल तर काढायचं. छाती दाबायची नाही. दुखू द्यायचं नाही. तुम्ही हिला विचारायचं, मला नाही. मी रडत असलो तरी हिलाच." मग त्याने श्वास घेतला. "बाबांनी सांगितलंय तसं."

डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि कागदाच्या प्रती काढायला कंपाउंडरला दिल्या.

"एवढं बोलायला सहा महिने लागले," मुकादम म्हणाले, आणि खिशात रुमाल शोधू लागले.